एक दार पुढे

हवालदार नामदेव इंगोले हे नाव मी सगळ्यात आधी लिहितो. माझ्या वाट्याला चांगले शिक्षक आले, वसतिगृहाचे अधीक्षक आले, नागपूरला प्राध्यापक आले. सगळ्यांचे उपकार आहेत. पण ज्या कामावर मी पोट भरलं आणि ज्याबद्दल या अंकाच्या संपादकांनी मला लिहायला सांगितलं, ते काम मला इंगोले काकांनी शिकवलं. तेव्हा मी सातवीत होतो आणि त्यांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते अटकेतच.

आमचं गाव अकोल्याकडचं, जिनिंग फॅक्टऱ्यांचं. रुळांच्या पलीकडे आमची वस्ती. बाबा जिनिंगमध्ये गाठी उचलायचे. एकदा शाळेच्या आवारातून एका मास्तरांची सायकल गेली आणि दुसऱ्या सकाळी रुळांपलीकडची आम्ही काही पोरं चौकीतल्या बाकाखाली बसलेलो. जो येई तो विचारी, "कोणाचा रे तू? कुठल्या वस्तीतला? बाप काय करतो?" उत्तर ऐकून तो अशी मान हलवी, की जणू सायकल सापडलीच.

मग इंगोले हवालदार ड्यूटीवर आले. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली आणि मला विचारलं, "काल सांजच्याले कुठी होता बे?"

मी म्हणालो, "जिनिंगच्या गेटवर. बाबाचा डबा घेऊन."

"कोनं पाह्यलं?"

"गेटवाल्यानं."

ते स्वतः सायकलवर टांग टाकून गेले, परत आले आणि साहेबांना म्हणाले, "हे पोट्टं तिथीच होतं साहेब." मला म्हणाले, "जाय. शाळा भरली असन." बस्स, एवढंच. पुढे दर दिवाळीत मी त्यांना पत्र लिहीत राहिलो. माझ्या घरातला पहिला पदवीधर झालो त्या दिवशीही आधी त्यांनाच कार्ड टाकलं.

समाजकार्याची पदवी घेऊन मी लखनौला गेलो, कारण मोठा भाऊ तिथे रेल्वेत फिटर होता आणि चारबाग स्टेशनजवळच्या त्याच्या क्वार्टरमध्ये माझ्या खाटेपुरती जागा होती. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या एका संस्थेत मी परिवीक्षा अधिकारी म्हणून लागलो. हे पद काय असतं ते बाहेरच्यांना माहीत नसतं. माझी वहिनीच शेजारणीला सांगायची, "भाऊजी चोरट्या पोरांचे मास्तर आहेत."

खरं काम असं. सोळा वर्षांच्या आतला मुलगा पकडला गेला, की तो तुरुंगात जात नाही, निरीक्षणगृहात येतो. त्याचा खटला बालन्यायालयात चालतो. आमचं बालन्यायालय म्हणजे निरीक्षणगृहातलीच एक खोली होती. टेबल, वर पंखा, मध्ये मॅजिस्ट्रेट मॅडम आणि बाजूला दोन मानद समाजसेविका. मॅडमना मुलाचा गुन्हा पोलिसांच्या कागदावरून कळायचा आणि मुलगा माझ्या अहवालावरून. मी त्याच्या घरी जायचो, शाळेत जायचो, शेजाऱ्यांशी बोलायचो आणि लिहायचो, की हा असा आहे, याला घरी पाठवावं की नाही. पहिलाच गुन्हा असेल आणि घर बरं असेल, तर मॅडम समज देऊन सोडत.

अहवालाच्या छापील नमुन्यात जात-जमातीचा रकाना अगदी वर होता, नावाच्या खाली. वर्षअखेरीस त्या रकान्यावरून एक तक्ता व्हायचा. कोणत्या समाजाची किती मुलं, कोणत्या गुन्ह्यात. तो तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लागायचा आणि पाहुणे तो वाचून गंभीर व्हायचे.

त्या तक्त्यात एक जमात ठळक दिसायची. इंग्रजांनी जन्मजात गुन्हेगार ठरवलेल्या आणि स्वातंत्र्यानंतर त्या शिक्क्यातून सोडवलेल्या अनेक जमातींपैकी ती एक. तिचं नाव मी इथे लिहीत नाही, आधीच फार ठिकाणी लिहिलं गेलं आहे. जानकीपुरम या नव्या कॉलनीच्या पलीकडे, सीतापूर रस्त्याला लागून त्यांची एका गल्लीची वस्ती होती. पुरुष मजुरीला जायचे, आणि लग्नसराईत सगळी वस्ती वरातीत डोक्यावर उजेडासाठी गॅसबत्तीचे हंडे धरून चालायची. बायका, मुलं, सगळे.

या वस्तीच्या मुलांची गंमत अशी होती, की तक्त्यात सगळ्यात जास्त तीच, पण दुसऱ्यांदा पकडलेला त्यांच्यात एकही नाही. आमच्या संस्थेच्या वार्षिक अहवालात हे यश म्हणून छापलं जायचं. एकदा विद्यापीठातून दोन विद्वान अभ्यासाला आले. गृहस्थ म्हणाले, या जमातीत गुन्ह्याची परंपरा आहे, पण पश्चात्तापही तीव्र आहे. बाई म्हणाल्या, नाही, कुटुंबव्यवस्था मजबूत आहे. दोघांचं आमच्या चहावर बराच वेळ चाललं.

मी प्रत्येक मुलाला काकांचा प्रश्न विचारायचो. कल शाम कहाँ थे? चारबागला पाकीट मारणारी मुलं भन्नाट खोटं बोलायची; एकाने तर आपण राज्यपालांच्या बागेत होतो असं सांगितलं. पण या वस्तीची मुलं शांतपणे म्हणायची, "वहीं थे साहब, जहाँ चोरी हुई." एवढा प्रामाणिकपणा मी दुसरीकडे पाहिला नव्हता.

याच सुमारास जानकीपुरमचीच एक केस माझ्याकडे आली. तिथे सबनीस म्हणून बँकेतले एक अधिकारी राहत. त्यांचा समीर आणि त्याचा मित्र शेजाऱ्याची स्कूटर घेऊन उंडारायला गेले आणि पानाच्या टपरीत घुसले. अशी प्रकरणं ठाण्याच्या फाटकातच मिटत. टपरीवाला हटून बसला म्हणून हे माझ्यापर्यंत आलं. सबनीस मराठी बोलणारा माणूस पाहून मोकळे झाले. "आमच्याकडे असं नसतं हो. संगतीनं झालं." बाजूला बसलेला मित्राचा बाप तेवढ्यात म्हणाला, "क्या बताएँ साहब, संगत खराब मिल गई." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

मी समीरला मराठीत विचारलं, "परत करशील?"

तो म्हणाला, "नहीं अंकल. ब्रेक ही नहीं था उसमें."

समीरला समज मिळाली. सबनीस माझे मित्र झाले आणि म्हणाले, कधी काही लागलं तर सांगा. तक्त्यात मात्र या कॉलनीतल्या समाजांपुढे जवळजवळ शून्य होतं. ज्यांची प्रकरणं फाटकात मिटतात त्यांच्यात गुन्हेगारी कमी असते, हे मला त्या दिवशी नीट कळलं.

आता बबलूची गोष्ट. मार्च महिना होता. जानकीपुरममधल्या एका नव्या बंद घरातून पंखे आणि नळ गेले, आणि पोलिसांनी त्या वस्तीतल्या बबलूला आणलं. पंधरा वर्षांचा, अंगाने काडी. मुद्देमाल सापडला नव्हता. त्याचा कबुलीजबाब होता. मी निरीक्षणगृहात गेलो तेव्हा तो जिन्याखाली बसून बीजगणित सोडवत होता. दहावीला होता. त्याच्या वस्तीतून बोर्डाच्या परीक्षेला बसणारा तो पहिलाच, आणि परीक्षा पुढच्या आठवड्यात होती. तो आत राहिला तर वर्ष गेलं. आणि त्या वस्तीत एकदा शाळेतून सुटलेला मुलगा परत जात नसे.

मी नेहमीचा प्रश्न विचारला. त्याचं डोकं गणितात होतं. वहीवरून नजर न काढता तो म्हणाला, "बारात में." मग दचकून वर पाहिलं. "नहीं साहब. वहीं थे, जहाँ चोरी हुई."

"कुठली बारात?"

"कोई नहीं साहब. लिख लीजिए, वहीं थे."

मी सायकल काढून सरळ वस्तीवर गेलो. गल्लीच्या तोंडाशी हातपंप आहे. पहिल्या केसला मी सायकल त्या हातपंपाला टेकवली होती, कारण घर समोरच होतं. नंतर लिंबाच्या झाडाला. नंतर पिठाच्या गिरणीच्या भिंतीला. त्या दिवशी मी गिरणीपाशी उतरलो, तर बाजेवर बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आज यहाँ नहीं बाबूजी. एक दरवाजा आगे."

मी तिला कुणाचं घर ते विचारलंच नव्हतं.

मी तिथेच उभा राहिलो. मागे वळून हातपंप पाहिला, झाड पाहिलं, गिरणी पाहिली. प्रत्येक केसला मी एक दार पुढे आलो होतो. एकही दार सुटलं नव्हतं, एकही पुन्हा आलं नव्हतं. चोऱ्या अशा ओळीने होत नसतात.

वस्तीचे मुखिया मंगरे चौधरी. मी त्यांच्या ओट्यावर बसलो आणि म्हणालो, "चौधरी, ये बारी किसने लगाई?"

चौधरींनी विडी पेटवली. मग त्यांनी सांगितलं. आधी चोरी कुठेही होवो, पोलीस इथे यायचे. कमावत्या माणसाला न्यायचे, छपरं ओढून काढायचे, बायकांना शिव्या द्यायचे. एका बैठकीत पंचांनी ठरवलं, की माणूस तर ते नेणारच, मग कोणता ते आपण ठरवू. सोळाच्या आतलं पोर दिलं, की तुरुंग नाही. पहिला गुन्हा, म्हणून समज देऊन सोडतात. म्हणून एका घरातून एकदाच, घरांच्या ओळीने.

"किसी के साथ अन्याय नहीं होता, साहब," चौधरी म्हणाले. त्यांच्या आवाजात अभिमान होता.

आमच्या वार्षिक अहवालातलं यश ते हेच. मला हसूही येईना.

मी म्हणालो, "बबलूला परीक्षा आहे. त्याची पाळी पुढे ढकलायची होती."

तेवढ्यात पुढच्या दारातून एक बाई बाहेर आली. रामकली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "टालते कैसे? इसके आगे मेरा दरवाजा है. मेरा छोटू बारह का है. बबलू को छुड़ाओगे तो दरोगा जी खाली हाथ जाएँगे क्या? कल छोटू को ले जाएँगे. तुम लिखकर दोगे कि नहीं ले जाएँगे?"

मी लिहून देऊ शकत नव्हतो. बबलूची आई दारात उभी होती. तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. रामकली वाईट बाई नव्हती. तिचा हिशेब खरा होता. एका मुलाला सोडवणं म्हणजे दुसऱ्याला पुढे ढकलणं. सोडवायचं तर पाळीच मोडायला हवी होती.

"लिहून देत नाही," मी म्हणालो. "पण सुनावणीला या. सगळे या. तिथे ऐकणारं माणूस बसलेलं आहे."

"वहाँ हमारी कौन सुनेगा," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

वरात कुठली होती ते बबलूच्या आईने मला गल्लीच्या टोकाला गाठून हळूच सांगितलं. बख्शी का तालाब नावाच्या गावातली. दुसऱ्या दिवशी मी तिथे गेलो. शेतात घर, अंगणात अजून मांडवाचे बांबू. नवऱ्या मुलाचे वडील मला हुंड्याची चौकशी करणारा अधिकारी समजले आणि सरबत घेऊन आले. मी हंडेवाल्या मुलाबद्दल विचारलं.

"अरे वही लौंडा? फूफाजी नाचते-नाचते उससे टकरा गए. हंडा गिरते-गिरते बचा. फूफाजी आज तक कह रहे हैं, गलती लौंडे की थी." फूफाजी म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान.

"मुलगा ओळखाल?"

"हम क्या पहचानें. कैसेट में होगा, देख लीजिए."

लग्नाची व्हिडिओ कॅसेट. कॅमेरेवाल्याला उजेड हवा असतो, म्हणून तो हंड्याच्या आसपासच फिरत राहतो. मी कॅसेट मागितली. वडील म्हणाले, घरच्या बायकांनी ती अजून पोटभर पाहिलेली नाही, सांभाळून परत करा.

कॅसेट झाली, आता न्यायालयात ती दाखवायची कशावर? मला सबनीस आठवले. "व्हीसीआर?" ते म्हणाले. "न्यायालयात?" त्यांच्या पत्नीने आतून विचारलं, "परत मिळेल ना हो?" मग सुनावणीच्या सकाळी समीर स्कूटरवर मागे बसून, मांडीवर व्हीसीआर घट्ट धरून आला. चालवत होते सबनीस. निरीक्षणगृहाचा टीव्ही मुलांना चित्रहार दाखवायला होता, तो टेबलावर आला.

मॅडम कडक होत्या. "यह क्या तमाशा है?" त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, मॅडम, अहवालाचा एक भाग मला लिहून दाखवता आला नाही.

कॅसेट सुरू झाली. बँड, घोडी, फेटे. मागून फूफाजी नाचत आले. पांढरा सफारी, हातात रुमाल, डोळे मिटलेले. ते मागे सरकत सरकत एका हंड्यावर आदळले. हंडा झुकला, आणि हंड्याखालचा चेहरा पूर्ण उजेडात आला. बबलू. एका हाताने हंडा सावरतोय, दुसऱ्याने फूफाजींना. पडद्याच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याने छापलेली तारीख आणि वेळ होती. पोलिसांच्या कागदावरची चोरीची तीच.

पहिल्यांदा बबलूला आणणारे दरोगाजी, म्हणजे ठाण्याचे फौजदार, हसले, फूफाजींना. मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले.

"पीछे कीजिए," मॅडम म्हणाल्या. समीरने कॅसेट मागे नेली. फूफाजी पुन्हा आदळले. मॅडमनी चष्मा काढून पडदा पाहिला, मग बबलूला पाहिलं. "तुमने कबूल क्यों किया?"

बबलूने मान खाली घातली. खोलीच्या दारात वस्ती उभी होती. चौधरी होते, बबलूची आई होती. चौधरी जमिनीकडे पाहत होते. मी बोलायला उठलो, पण माझ्या आधी मागून आवाज आला.

"हम बताएँ, मैडम?"

रामकली. ती पुढे आली, छोटूला हाताला धरून. पदर नीट केला आणि एका दमात म्हणाली, "इसने चोरी नहीं की, इसकी बारी थी. अब मेरे घर की बारी है. यह मेरा लड़का है, देख लीजिए. अगले महीने जो चोरी होगी, वह इसने नहीं की. आज ही बताए देती हूँ."

समीरने पटकन व्हीसीआर बंद केला, कारण बँड वाजत होता.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. चौधरींना पुढे बोलावलं. त्यांना सांगावंच लागलं. हातपंपापासूनच्या दारांबद्दल मी सांगितलं. मग मॅडम दरोगांकडे वळल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, की आजपासून या वस्तीतला मुलगा माझ्यासमोर आणायचा, तर तो त्या वेळी कुठे होता आणि त्याला कुणी पाहिलं, हे आधी लिहून आणायचं. नुसता कबुलीजबाब मी वाचणार नाही. त्यांनी तसा आदेश लिहिलाही. बबलू त्याच दुपारी सुटला.

बाहेर आल्यावर सबनीसांनी व्हीसीआर समीरच्या मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "काय हो, आमचा समीर त्या भिंतीवरच्या तक्त्यात धरला आहे का?" मी म्हणालो, आहे. ते म्हणाले, "बरं झालं. कुणीतरी पाहिजे तिथे."

खरा चोर कधी सापडला नाही. पण पाळी संपली. पुढच्या काही वर्षांत त्या गल्लीतून दोनच मुलं माझ्याकडे आली. एकाने खरोखर सायकल चोरली होती. गल्लीच्या मधल्याच कुठल्यातरी घरातला होता, ओळ सोडून. मला जवळजवळ आनंद झाला. मी त्याला रागावलो, पण रागावताना माझा चेहरा बरोबर नसावा, कारण तोही हसला.

खंत आहे ती आधीच्या दारांची. त्या मुलांची नावं पोलिसांच्या नोंदींत राहिली, आणि दोघांना त्यापायी नोकरी नाकारली गेली तेव्हा मी पत्रं लिहूनही उपयोग झाला नाही. नव्या अहवालांत मी जमातीचा रकाना रिकामा ठेवू लागलो. संस्थेने दोनदा खुलासा मागितला. मी दोनदा दिला. तिसऱ्यांदा मागितला नाही.

बबलू दुसऱ्या श्रेणीत पास झाला. आज तो वीज विभागात लाइनमन आहे. छोटू बारावीपर्यंत शिकला. फूफाजींची कॅसेट मी स्वतः परत नेऊन दिली. घरच्या बायकांनी मला ती त्यांच्यासोबत पुन्हा पाहायला लावली.

इंगोले काकांना लिहिताना मी नेहमी आधी कच्चं लिहीत असे, म्हणून त्या दिवसांतल्या पत्राचा खर्डा माझ्याकडे राहिला आहे. तो जसा आहे तसा देतो.

"आदरणीय इंगोले काका,
सप्रेम जयभीम.
तुम्हाला दिवाळीशिवाय पत्र लिहितो आहे, कारण राहवलं नाही. इथे एका मुलाला मी तुमचा प्रश्न विचारला. त्याने खोटं सांगायच्या आधी चुकून खरं सांगितलं. तेवढ्यावर तो सुटला, आणि त्याच्यामागून एक अख्खी गल्ली सुटली. सविस्तर भेटीत सांगीन, त्यात एका फूफाजींचा नाच आहे, तो तुम्हाला करून दाखवावा लागेल.

काका, जिनिंगच्या गेटवर तुम्ही गेला होता तेव्हा गेटवाला काय म्हणाला, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. आता वाटतं, त्याने नुसती मान हलवली असेल. तेवढं पुरलं.

आज त्या मुलाचा पहिला पेपर होता. हिंदीचा. त्याची आई, शेजारीण रामकली, तिचा छोटू, चौधरी आणि निम्मी वस्ती त्याला सोडायला गेली होती. फाटकावरच्या शिपायाने विचारलं, एका मुलासाठी एवढी माणसं कशाला? रामकली म्हणाली, गवाह हैं.

मीही होतो. उद्या कुणी मला विचारलं, की आज सकाळी कुठे होतास, तर परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभा होतो. पुष्कळांनी पाहिलं आहे.

आपला,
डबा घेऊन गेलेला पोट्टा"